कोणाचाच सातबारा नसलेली भूमी



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई आणि कंत्राटी कामगार यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही आज दक्षिण ध्रुवावर बोलणार आहोत. हे ऐकून कोणाला हसू आले तर आमची हरकत नाही. शहापूर कोठे, मुरबाड कोठे आणि अंटार्क्टिका कोठे! पण थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आमचे शालेय शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दोन बैठकांच्या मधल्या वेळात. पुस्तकी विद्येचा दावा आम्ही करणार नाही. परंतु करारनामा कसा होतो, कोणत्या शब्दावर अडतो, कशाने मोडतो आणि कशाने टिकतो, हे पाहण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले आहे. आणि जगात आजवर झालेल्या करारनाम्यांत एक मोठा चमत्कारिक करारनामा बर्फाच्या भूमीविषयी झालेला आहे. भांडणारे पक्ष भांडण न मिटवताच कामाला लागले आणि साठांहून अधिक वर्षे ते काम चालू आहे. त्यात आपला देश आधी दाराबाहेर होता, मग आत गेला. तो आत गेला हे योग्य झाले की अयोग्य, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी हा सारा इतिहास पाहावा लागेल.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊ. अंटार्क्टिका हा सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरांचा खंड आहे. आपला सारा भारत त्यात चार वेळा मावेल आणि वर जागा उरेल. या खंडाचा जवळजवळ ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे. बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास आहे. आपला माहुली किल्ला तळापासून शेंड्यापर्यंत त्यात गडप होईल आणि वर कोणाला पत्ताही लागणार नाही. जगातल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी तेथे गोठून पडले आहे. २१ जुलै १९८३ या दिवशी तेथील वोस्तोक या रशियन केंद्रावर उणे ८९.२ अंश तापमान नोंदले गेले. त्या भूमीवर कधी गाव वसले नाही, मूळचा रहिवासी नाही, कूळ नाही, खोत नाही. तेव्हा तलाठी नाही आणि सातबाराही नाही.

जेथे सातबारा नसतो तेथे मालक पुष्कळ उभे राहतात, हे आपल्याला सांगावयास नको. १९०८ ते १९४३ या काळात ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना या सात देशांनी या खंडाचे तुकडे आपापल्या नावावर लावून घेतले. ध्रुवापासून किनाऱ्यापर्यंत पोळीचे काप करावेत तसे हे तुकडे होते. त्यांतले ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे काप एकमेकांवर चढलेले होते. म्हणजे एकाच गटनंबरावर तीन नावे! हक्क सिद्ध करण्यासाठी जे प्रकार झाले ते आमच्याकडल्या बांधाच्या भांडणाहून वेगळे नव्हते. कोणी टपाल कचेरी उघडली. १९३९ साली जर्मनीने विमानातून स्वस्तिकाची निशाणी असलेले धातूचे भाले बर्फावर टाकले. १९४८ साली चिलीचे राष्ट्राध्यक्ष जातीने तेथे जाऊन आले. पुढे अर्जेंटिनाने आपल्या तळावर एका गर्भवतीस नेऊन ठेवले, आणि १९७८ साली त्या खंडावर पहिले मूल जन्मास आले. पाळणासुद्धा वहिवाटीचा पुरावा म्हणून वापरला गेला.

प्रकरण हमरीतुमरीवर येण्यास वेळ लागला नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये होप बे नावाच्या जागी ब्रिटिशांची तुकडी सामान उतरवीत असता अर्जेंटिनाच्या नौसैनिकांनी त्यांच्या डोक्यांवरून मशीनगन चालविली. सुदैवाने कोणी मेले नाही. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोघांनी कोणताच तुकडा मागितला नव्हता; पण दोघांनीही दुसऱ्या कोणाचा हक्क मानला नव्हता, आणि आपण केव्हाही मागू शकतो असे बजावून ठेवले होते. अणुबाँब दोघांकडेही होता. निर्मनुष्य जागा म्हणजे बाँबच्या चाचणीला सोयीची जागा, असा विचार मनात यावयास फारशी अक्कल लागत नाही.

अशा वेळी १९५६ साली भारताने संयुक्त राष्ट्रसंघात अर्ज दिला. आपले प्रतिनिधी आर्थर लाल यांनी अंटार्क्टिकाचा प्रश्न आमसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा अशी मागणी केली. व्ही. के. कृष्ण मेनन आणि पंडित नेहरू यांचा या मागणीस पूर्ण पाठिंबा होता. मागणी सरळ होती: ही भूमी साऱ्या जगाच्या शांततामय उपयोगासाठी राखावी आणि तेथे अण्वस्त्रांच्या चाचण्या होऊ देऊ नयेत. यामागे केवळ तत्त्वज्ञान नव्हते. तेथे स्फोट झाले तर हवामानाचे चक्र बिघडेल आणि त्याचा फटका मान्सूनला बसेल, ही धास्ती होती. पावसावर जगणाऱ्या देशाची ही धास्ती होती. माळशेजच्या घाटात ढग केव्हा उतरतात याकडे डोळे लावून जो मुरबाडचा शेतकरी भाताची पेरणी करतो, त्याच्या वतीनेच जणू तो अर्ज होता.

अर्जाचे काय झाले? चिली आणि अर्जेंटिना यांनी कडाडून विरोध केला. आमच्या घरच्या जमिनीची चर्चा परक्यांनी का करावी, असा त्यांचा पवित्रा होता. ब्रिटनसारख्या दावेदारांनाही ही चर्चा नकोच होती. भारताला तो विषय मागे घ्यावा लागला. १९५८ साली आपण तो पुन्हा मांडला, आणि पुन्हा मागे घेतला. वरवर पाहता ही हार होती. परंतु मागणीपत्रक फेटाळले गेले म्हणून मागणी मरत नाही. कारखान्यात पहिल्या वर्षी ज्या मागणीला व्यवस्थापन हसते, तीच तीन वर्षांनी त्यांच्याच कागदावर टंकलिखित होऊन येते. येथेही तसेच झाले. शांततामय उपयोग आणि अणुचाचण्यांना बंदी या भारताच्या दोन्ही गोष्टी पुढच्या करारात जशाच्या तशा आल्या. कागदावर सही मात्र भारताची नव्हती.

तो करार कसा झाला ते पाहू. १ जुलै १९५७ पासून १९५८ च्या डिसेंबरअखेर आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळले गेले. पृथ्वीचे चुंबकत्व, हवामान, बर्फ, सूर्यावरील वादळे यांची मापे जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकाच वेळी घ्यावीत, असा तो बेत होता. भारतानेही त्यात भाग घेतला. मात्र अंटार्क्टिकावर माणसे पाठविली ती १२ देशांनी. अमेरिकेने ठेठ ध्रुवावर तळ ठोकला, रशियाने आतल्या पठारावर वोस्तोक उभारले. शास्त्रज्ञांनी आपसात एक गोष्ट ठरविली होती, की या काळात कोणी कोठे तळ उभारला यावरून जमिनीचा हक्क सांगावयाचा नाही. ही तोंडी समजूत होती. ती पाळली गेली. अठरा महिने काम झाले आणि भांडण झाले नाही.

याच १९५७ साली, १ एप्रिल रोजी, आपल्या मुंबई राज्यात कूळकायद्याप्रमाणे कसणाऱ्याला मालक ठरविण्याचा दिवस उजाडला होता, हे येथल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले असेल. कसेल त्याची जमीन, या घोषणेला ठाणे जिल्ह्यात जो अर्थ होता तो आम्ही फोड करून सांगण्याची गरज नाही. एकाच वर्षी इकडे ‘जमीन कसणाऱ्याची’ असे ठरत होते आणि तिकडे ‘कसणाऱ्यानेही जमीन आपली म्हणू नये’ असे ठरत होते. दोन्ही गोष्टी आम्हांला योग्य वाटतात. भाताच्या खाचराला मालक लागतो. गावच्या गायरानाला आणि देवराईला लागत नाही. सारी जमीन एकाच मापाने मोजता येत नाही.

तोंडी समजुतीचा कागद करावा म्हणून १५ ऑक्टोबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे त्याच १२ देशांची परिषद भरली आणि १ डिसेंबर १९५९ रोजी करारावर सह्या झाल्या. सात दावेदार आणि त्यांशिवाय अमेरिका, रशिया, जपान, बेल्जियम व दक्षिण आफ्रिका असे ते बारा. करार अमलात आला २३ जून १९६१ रोजी. ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडचा सारा प्रदेश त्याच्या कक्षेत आला.

करारात अवघी १४ कलमे आहेत. पहिले कलम म्हणते की हा प्रदेश फक्त शांततामय कामासाठी वापरावा. लष्करी तळ, कवायती, शस्त्रांच्या चाचण्या बंद. सैनिकांना वैज्ञानिक कामात मदतनीस म्हणून नेण्यास मात्र मुभा आहे. दुसरे आणि तिसरे कलम संशोधनाची मोकळीक देते आणि मिळालेली माहिती एकमेकांस द्यावी असे सांगते. पाचवे कलम अणुस्फोट आणि किरणोत्सारी कचरा यांना बंदी घालते. अण्वस्त्रांच्या चाचणीला एखाद्या प्रदेशात संपूर्ण बंदी घालणारा हा जगातला पहिला करार.

परंतु साऱ्या कराराचा जीव आहे चौथ्या कलमात. त्याचा मतलब आम्ही आपल्या भाषेत सांगतो. ज्याने हक्क सांगितला आहे त्याने तो सोडला असे समजू नये. ज्याने तो हक्क मानला नाही त्याने तो मानला असेही समजू नये. करार चालू असेपर्यंत केलेल्या कोणत्याही कामावरून कोणाचा हक्क वाढणार नाही आणि घटणारही नाही. नवा दावा सांगता येणार नाही, जुना वाढविता येणार नाही. आमच्या करारनाम्यांत एक वाक्य असते, ‘उभय पक्षांच्या हक्कांस बाध न येता’. नवे कार्यकर्ते त्या वाक्याला वैतागतात. त्यांना वाटते, ही पळवाट आहे. हक्क कोणाचा ते एकदाचे ठरून जाऊ दे. पण पुष्कळदा ‘हक्क कोणाचा’ याच प्रश्नावर सहा महिने गेट बंद राहते आणि दोन्ही बाजूंची माणसे देशोधडीस लागतात. प्रश्न पेटीत ठेवावा, पेटीला कुलूप लावावे, आणि कामाला लागावे. यालाही शहाणपण लागते. पेटी जाळलेली नाही एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

कलमे गोड असून भागत नाही. त्यांची अंमलबजावणी कोण पाहणार? सातव्या कलमात याची सोय आहे. कराराच्या कारभारात मत असलेला कोणताही देश आपले निरीक्षक नेमू शकतो, आणि ते निरीक्षक कोणाच्याही तळावर, कोणत्याही वेळी, कोणतेही दार उघडून पाहू शकतात. १९५९ साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेने रशियन तळात आणि रशियाने अमेरिकन तळात शिरून पाहावे हे दोघांनी मान्य केले! कारखान्यात वजनकाटा, हजेरीपट आणि पगारपत्रक कामगारांच्या प्रतिनिधीला केव्हाही पाहता आले, तर निम्मे तंटे जागीच मिटतात. विश्वास ठेवा, असे सांगून विश्वास बसत नाही. दार उघडे असले म्हणजे बसतो.

या कराराची कसोटीही लागली. १९८२ साली फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात खरेखुरे युद्ध झाले, माणसे मेली, जहाजे बुडाली. पण लढाई ६० अंशांच्या रेषेच्या उत्तरेसच राहिली आणि दोघांपैकी कोणीही करार सोडला नाही. एवढे यश फार थोड्या कागदांच्या वाट्याला येते.

आता दुसरी बाजू. चांगला करार म्हणजे न्याय्य करार असे समजण्याचे कारण नाही. या कारभारात मत कोणाला? मूळच्या १२ देशांना आपोआप. बाकीच्यांनी सही केली तरी मत नाही. मत हवे तर तेथे भरीव संशोधन करून दाखविले पाहिजे, म्हणजे तळ उभारला पाहिजे किंवा मोहीम पाठविली पाहिजे. कसेल त्याची जमीन, तसे ‘शोधेल त्याचे मत’. ऐकावयास बरे वाटते. परंतु कसण्यासाठी निदान विळा-कोयता पुरतो. येथे बर्फ फोडणारे जहाज लागते. ज्याच्याकडे जहाजाचे पैसे नाहीत त्याने गप्प बसावे, असा त्याचा अर्थ होतो. आफ्रिका खंडातून १९५९ च्या टेबलावर एकच देश होता, आणि तो वर्णद्वेषी सरकारचा दक्षिण आफ्रिका.

भारताने बावीस वर्षे बाहेर काढली. मग १९८१ साली इंदिरा गांधींच्या सरकारने महासागर विकास विभाग स्थापन केला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ नावाचे भाड्याचे नॉर्वेजियन जहाज २१ जणांना घेऊन निघाले. प्रमुख होते डॉ. सय्यद जहूर कासिम. गाजावाजा मुळीच केला नव्हता. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली आणि फेब्रुवारीत गोव्यास परतली. १९ ऑगस्ट १९८३ रोजी भारताने करारावर सही केली, आणि १२ सप्टेंबरला, महिना उलटण्याच्या आत, भारताला मताचा अधिकार मिळाला. त्याच महिन्यात ब्राझीललाही मिळाला.

हा काळ नीट पाहण्यासारखा आहे. १९८२ सालच्या सप्टेंबरात मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी संयुक्त राष्ट्रसंघात प्रश्न केला होता, की अंटार्क्टिका मूठभर देशांची मिरास का? ही भारताचीच १९५६ ची भाषा होती. मार्च १९८३ मध्ये नवी दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद भरली आणि तिनेही हा प्रश्न राष्ट्रसंघाने अभ्यासावा असे जाहीर केले. यजमान भारत होता. आणि पाच महिन्यांनी यजमानच मूठभरांच्या बाजूला जाऊन बसला! ज्या देशाने वर्णद्वेषाविरुद्ध जगभर आवाज उठविला, तो त्या टेबलावर दक्षिण आफ्रिकेशेजारी बसला. पुष्कळांना हे रुचले नाही, आणि त्यांची नाराजी पोकळ नव्हती.

आमच्या चळवळीत हा पेच जुना आहे. मान्यताप्राप्त समितीत जागा मिळाली तर घ्यावी की बाहेर राहून घोषणा द्याव्यात? बाहेरच्याचे हात स्वच्छ राहतात. आतल्याला कागद वाचावयास मिळतो. आमचे मत असे की आत जाणे योग्यच होते. १९८२ सालापासून त्या टेबलावर खनिजांच्या वाटणीची बोलणी सुरू झाली होती, आणि वाटणीच्या वेळी गैरहजर राहणाऱ्याचा वाटा कोणी बाजूला काढून ठेवीत नाही. पण आत जाणाऱ्यावर एक कर्ज चढते. बाहेर राहिलेल्यांसाठी दार उघडे ठेवण्याचे कर्ज! आज मत असलेले देश २९ आहेत. त्या टोकदार प्रश्नकर्त्या मलेशियानेही २०११ साली करारावर सही केली. म्हणजे दार थोडे उघडले आहे. सताड उघडे आहे असे कोणी म्हणू नये.

या साऱ्या इतिहासात महाराष्ट्राचा आणि आपल्या शेजारच्या गोव्याचा हात किती आहे, हे आपणांस ठाऊक असावे. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत आपल्या लष्कराच्या इंजिनियरांनी ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले भारतीय केंद्र बर्फावर उभे केले. त्याच मोहिमेत दोन भारतीय स्त्रिया प्रथमच त्या भूमीवर उतरल्या: भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. अदितीबाई नागपूरच्या जन्माच्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या. औंध संस्थानचे आप्पासाहेब पंत हे त्यांचे वडील. औंधच्या राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राजसत्ता प्रजेच्या हाती दिली होती. राजाविना गावे चालतील का, याचा प्रयोग ज्या घराने पाहिला, त्या घरची लेक मालकाविना चालणाऱ्या खंडावर गेली, ही गोष्ट आम्हांला मोठी गोड वाटते.

दक्षिण गंगोत्री बर्फात रुतत गेली. १९८९ साली खडकाळ जागेवर ‘मैत्री’ हे केंद्र उभे राहिले, आणि २०१२ साली ‘भारती’. या साऱ्यांचा कारभार गोव्यात वास्को येथून चालतो.

दुसरा धागा याहून जवळचा आहे, आणि तो जातो पनवेलला. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे घेतली जात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसुई हलते आणि मापे बिघडतात. तेव्हा नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या खोल्यांत, नवी वेधशाळा उभारली. १९०४ पासून तेथे मापे घेतली जात आहेत. दोन महायुद्धे झाली, राज्ये बदलली, नोंदवही थांबली नाही. याच परंपरेतून १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली. तिची मुख्य कचेरी आज नवीन पनवेलला आहे आणि तिचीच उपकरणे मैत्री व भारती येथे चालतात. सूर्यावर वादळ उठले म्हणजे त्याचा पहिला धक्का ध्रुवाकडे जाणवतो. तेथले माप आणि अलिबागचे माप शेजारी ठेवल्यावर त्याचा उलगडा होतो. एका जागी बसून पृथ्वी मोजता येत नाही. म्हणूनच माहिती एकमेकांस द्यावी, हे तिसरे कलम कागदावर शोभेसाठी घातलेले नाही.

अशा कंटाळवाण्या नोंदींचा उपयोग काय, असे कोणी विचारील. हॅली नावाच्या ब्रिटिश केंद्रावर भूभौतिक वर्षापासून आकाशातील ओझोन वायूचे माप घेत होते. वर्षानुवर्षे तोच आकडा, तीच वही. आणि १९८५ साली तीन शास्त्रज्ञांनी जाहीर केले की दर वसंतात तेथला ओझोन झपाट्याने घटू लागला आहे. आपल्या शीतकपाटांतला आणि फवाऱ्यांच्या डब्यांतला वायू तेथवर पोचला होता. दोन वर्षांत, १९८७ साली, माँट्रियल येथे त्या वायूंना आवर घालणारा करार झाला. वही लिहिणाऱ्याने कंटाळा केला असता तर साऱ्या जगाच्या कातडीला त्याची किंमत मोजावी लागली असती.

आता खनिजांकडे येतो, कारण सर्वांत मोठा मोह तोच. फार प्राचीन काळी भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते. शास्त्रज्ञ त्याला ‘गोंडवन’ म्हणतात. आपल्याकडील गोंडांच्या मुलखावरून पडलेले ते नाव आहे. चंद्रपूरच्या खाणींत त्या काळचा दगडी कोळसा निघतो, आणि अंटार्क्टिकाच्या डोंगरांतही दगडी कोळसा आहे. १९५९ च्या करारात खनिजांबद्दल एक अक्षर नव्हते. १९८८ साली वेलिंग्टन येथे, काही अटींवर खाणकाम करता यावे असा मसुदा तयारही झाला. पण १९८९ साली ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. एकमताचा नियम असल्याने मसुदा बारगळला. त्याच्या जागी ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे दुसरा करार झाला: वैज्ञानिक अभ्यासाखेरीज खनिजांसंबंधी कोणतेही काम तेथे करावयाचे नाही. तो १४ जानेवारी १९९८ पासून लागू आहे. नियम इतका कडक की बाहेरून नेलेली स्लेजगाडीची कुत्रीसुद्धा १९९४ पर्यंत परत न्यावी लागली. भारतानेही २०२२ साली संसदेत कायदा करून आपल्या नागरिकांवर हे निर्बंध घातले आहेत.

२०४८ साली हा करार संपतो, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. ते चूक आहे. मूळ कराराला मुदतच नाही. २०४८ नंतर मत असलेला कोणताही देश माद्रिदच्या कराराचा फेरविचार करण्यासाठी परिषद बोलावू शकतो, एवढेच. आणि तेव्हाही दुसरी बंधनकारक व्यवस्था ठरल्याशिवाय खाणबंदी उठविता येत नाही. पण निर्धास्त राहू नये. आज एका हंगामात लाखावर प्रवासी मजेसाठी तिकडे जातात. समुद्रातील क्रिल नावाच्या बारीक जिवांची मासेमारी चालते. २०१६ साली रॉस समुद्राचा मोठा भाग राखीव झाला, पण त्यानंतरचे असे प्रस्ताव चीन आणि रशिया यांच्या संमतीअभावी अडून राहिले आहेत. एकमताचा जो नियम १९८९ साली ढाल झाला, तोच आज अडसर होतो. नियम तोच असला तरी तो हातात कोणाच्या आहे, यावर त्याचा गुण ठरतो.

शेवटी आपल्या मुलखाविषयी. १८९२ साली आपल्या शहापूर तालुक्यात तानसाचे धरण पुरे झाले. पुढे भातसाचे झाले. त्या पाण्यावर मुंबई जगते. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाशी आणि कोरड घशाशी! पाणी कोणाचे, कोठे जाणार, किती जाणार, हे ठरले तेव्हा पाड्यावरची माणसे टेबलावर नव्हती. १९५९ साली वॉशिंग्टनच्या टेबलावर आशिया-आफ्रिकेतले बहुतेक देश नव्हते, तसेच. म्हणून आम्ही म्हणतो की अंटार्क्टिकाचा प्रश्न शहापूर-मुरबाडला परका नाही. जे सर्वांचे आहे त्याचा कारभार थोड्यांनी कसा चालवावा, आणि बाकीच्यांनी तो कसा तपासावा, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे. आणि तेथला बर्फ सारा वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे ५८ मीटरांनी चढेल, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. ते उद्या होणार नाही. पण त्यातला अगदी थोडा हिस्सासुद्धा ठाण्याच्या खाडीला आणि मुंबईच्या वस्त्यांना पुरून उरेल. मग मुंबईची माणसे कोणत्या दिशेला सरकतील, हे कसाऱ्याची गाडी रोज पाहणाऱ्यांना समजावून सांगण्याची जरुरी नाही.

या करारापासून घ्यावयाच्या गोष्टी आमच्या मते तीन आहेत. हक्काचा प्रश्न सुटत नसेल तर तो कुलुपात ठेवून काम सुरू करता येते. असे काम टिकते ते उघड्या दारामुळे आणि रोजच्या रोज लिहिलेल्या वहीमुळे. आणि आत शिरलेल्याने बाहेरच्याला विसरले की सर्वांची म्हणून राखलेली भूमी थोड्यांची मिरास व्हायला उशीर लागत नाही. १९५६ साली भारताने बाहेरून जे मागितले, ते आज भारताने आत बसून मागत राहिले पाहिजे. त्यासाठी सरकारवर नजर ठेवणारे लोक हवेत, आणि लोकांना आधी हा करार माहीत हवा.

आज या तालुक्यांतल्या शाळांत जी मुले बसली आहेत, ती २०४८ साली ऐन कर्तेपणात असतील. खाणीचा प्रश्न तेव्हा पुन्हा टेबलावर आला, तर उत्तर त्यांच्या पिढीला द्यावे लागेल. आमचा नेहमीचा अनुभव असा आहे, की करारनामा ज्यांनी वाचलेला असतो त्यांना फसविणे कठीण जाते. अवघी १४ कलमे आहेत. शाळेच्या एका तासात वाचून होतात. तेवढा तास गुरुजनांनी काढावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.